किटमधला रस्सा हॉटेलसारखा होतो का? (बचत गटासाठी विचारतेय)

कुडाळची_नेहा
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतला बायकांचा बचत गट मालवणी मसाला, आमसुलं आणि आगळ (कोकमाचा रस) विकतो, इथल्या काही जणांनी घेतलंयही. आता गटात असं चाललंय की नुसता मसाला न विकता पूर्ण रस्सा किट काढायचा, म्हणजे मसाला, भाजक्या वाटपाची (खोबरं-कांदा भाजून करतात त्याची) सुकी पूड, आमसुलं, तिरफळं (माशात घालतात तो खडा मसाला) आणि कृतीचा कागद सगळं एका खोक्यात. तारकर्ली-देवबागला आलेला माणूस जाताना घेऊन जाईल आणि पुण्यात नाहीतर ठाण्यात घरी बसून मालवणात हॉटेलात खाल्ला तसा रस्सा करेल.

आम्ही करून बघितलं. चव वाईट नाही, पण हॉटेलातली नाही. मसाला तर आमचाच, बेडगी, संकेश्वरी आणि थोडी लवंगी, एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून कुटलेला, त्यात दगडफूल, नागकेशर, बादयान, बडीशेप, खसखस कशाची कमी नाही. तरी पहिल्या घासाला कळतं की काहीतरी राहिलंय. बाजारातले तयार ग्रेव्हीचे पाऊच पण आणून बघितले, ते तर आणखीच लांब.

गटातल्या एकीचं म्हणणं आहे की खोक्यावर 'हॉटेलसारखी चव' असं छापूया. खोटं असेल तर मला ते छापायचं नाही, खाली आमच्या गटाचं नाव असणार आहे. म्हणून विचारते, किटमधून ती चव येऊ शकते का, आणि येत नसेल तर नेमकं कुठे अडतं? प्लीज स्पष्ट सांगा.

मालवणची_खानावळ
नेहाताई, आमची घरचीच खानावळ आहे, बाबांनी सुरू केलेली, त्यामुळे आतलं सांगतो. गिऱ्हाईकाला वाटतं आमच्याकडे काहीतरी गुपित मसाला आहे. तसं काही नाही हो, मसाला तुमच्यासारखाच असतो.

फरक वाटपात आहे. आमच्याकडे सकाळी पहिलं काम नारळ फोडायचं. ओलं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा वेगवेगळा भाजतो, थोड्या तेलावर, चांगला तांबूस होऊन कडा काळपट व्हायला लागेपर्यंत, आणि गार झाला की ग्राइंडरला गंधासारखा वाटतो. ओल्या खोबऱ्याचं दूध वाटताना सुटतं म्हणून रश्शाला अंगचा दाटपणा येतो. सुकी पूड कितीही बारीक करा, ती रश्शात रवाळ लागते आणि जरा वेळाने तळाला बसते. तुमचं जे काहीतरी राहतंय ना त्यातलं निम्मं इथे आहे असं माझं मत.

दुसरं म्हणजे हाडं. आम्ही कोंबडी हाडासकट घेतो, मान-पाठ-पंख सगळं, हळद मीठ आलं लसूण लावून आधी पाण्यात शिजवतो आणि तेच पाणी रश्शात जातं. घरी माणूस बोनलेस आणतो आणि वरून साधं पाणी ओततो, मग म्हणतो रस्सा पाणचट झाला. यात किटचा काय दोष.

आणि तेल. लोक चार माणसांचा रस्सा दोन चमचे तेलात करायला जातात. मिरचीचा रंग तेलात उतरतो, मसाल्याचा वासही बराचसा तेलातच उतरतो, पाण्यात तेवढा उतरत नाही. आमच्याकडे मोठी शेगडी असते, आच जास्त असते हे खरं, पण घरच्या गॅसवरसुद्धा थोडं तेल वाढवून, मंद आचेवर जरा धीर धरून मसाला परतला की काम होतं. शिवाय आमचा रस्सा अकरा-साडेअकराला तयार होतो आणि पानात पडतो एक-दीडला, तोवर तो मुरतो. घरी शिट्टी झाली की लगेच ताटात.

थोडक्यात तुमच्या खोक्यात यातला फक्त मसाला बसतो. बाकीचं गिऱ्हाईकाला घरी करावं लागेल, पण करता येण्यासारखं आहे सगळं.

पुण्यातली_रेश्मा
मी तुमचं गिऱ्हाईक आहे म्हणून माझी बाजू मांडते. माहेर वेंगुर्ल्याचं, नोकरी पुण्यात, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. दादा म्हणतात ते सगळं बरोबर आहे पण नारळ फोडून खवून कांदा भाजून वाटायचंच असेल तर मग मी किट कशाला घेऊ, मसाला तर आई पाठवतेच की! किट घेणाऱ्याला अर्ध्या-पाऊण तासात जेवण हवं असतं. त्याला हॉटेलच्या शंभरातली सत्तर टक्के चव मिळाली तरी तो खूश होईल, हे विसरू नका. आणि हॉटेल म्हणजे तरी काय, हायवेवरच्या कितीतरी हॉटेलात एकाच लाल ग्रेव्हीत खोबरं घातलं की मालवणी आणि क्रीम घातलं की मुघलाई होते, त्याच्याशी बरोबरी तर तुमची सुकी पूडसुद्धा सहज करेल.

कुडाळची_नेहा
रेश्माताई हायवेवरच्या त्या लाल ग्रेव्हीशी बरोबरी करून आम्हाला समाधान वाटणार नाही. पण वेळेचा मुद्दा पटला, त्यावर विचार करायलाच हवा.

देवगडचा_लंडनकर
धागा बघून राहवलं नाही. मी मूळचा देवगडचा, बरीच वर्षं लंडनच्या बाहेर राहतो. इथे करी किट हा मोठा प्रकार आहे, दर सुपरमार्केटमध्ये एक आख्खी मांडणी भरलेली असते, आणि 'किटमधून रेस्टॉरंटची चव येते का' यावर इथले गोरे लोकही तासन् तास वाद घालतात. त्याचं उत्तर इथे बऱ्यापैकी 'हो' आहे आणि ते का आहे हे समजून घेण्यासारखं आहे.

इथली बरीचशी करी हाऊस सिल्हेट भागातून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली. मेनू सगळीकडे साधारण तोच, कोर्मा, मद्रास, विंदालू, जालफ्रेझी आणि अर्थात टिक्का मसाला, ज्याला 2001 मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक भाषणात ब्रिटनची खरी राष्ट्रीय डिश म्हणाले होते. एवढे पदार्थ दहा-दहा मिनिटांत कसे निघतात? तर मागे एक मोठं पातेलं असतं, भरपूर कांदा, थोडं आलं-लसूण, थोडं गाजर नाहीतर ढबू मिरची, टोमॅटो, हळद-जिरं, हे मऊ शिजवून मिक्सरला गुळगुळीत केलेलं. ती बेस ग्रेव्ही. त्याच्या जोडीला सगळ्याला चालणारी एक मसाल्याची मिश्र पूड. ऑर्डर आली की पॅनमध्ये बऱ्यापैकी तेल, त्यात आलं-लसूण, मग पूड, मग टोमॅटोची पेस्ट, आणि मोठ्या आचेवर बेस ग्रेव्ही डावाडावाने ओतायची. कडेला ती चिकटते, जरा करपायला येते, ती खरवडून परत आत घ्यायची. त्या खरवडण्यात तिथली चव आहे.

म्हणजे बघा, ते रेस्टॉरंट स्वतःच एक प्रकारे किटवर चालतं. म्हणून घरी बेस ग्रेव्ही करून फ्रीझरमध्ये ठेवली आणि मसाल्याच्या पुड्यांचं किट आणलं तर चव खरंच जवळ जाते. मी करतो, पाहुणे मागून घेतात. पण सगळं एकत्र शिजवलेल्या बरणीतल्या सॉसने ते होत नाही, कारण त्यात मसाला परतायची पायरी कंपनीनेच उरकून टाकलेली असते आणि आपण फक्त गरम करतो.

आपल्या मालवणी रश्शाला अशी सगळ्याला चालणारी बेस नाही. कोंबडीचं वाटप वेगळं, माशाचं वेगळं, काळ्या वाटाण्याचं आणखी वेगळं. म्हणून इथलं उत्तर तिकडे जसंच्या तसं लागू होणार नाही असं मला वाटतं. एक मात्र घेण्यासारखं आहे, किटमध्ये कच्चा माल द्या, शिजवलेला देऊ नका.

सुलुमावशी
नेहा, माका एक सांगूचा आसा. तू खोक्यात मसालो आणि तिरफळां एकत्र घालतंस म्हणजे त्याच किटात कोंबडी पण आणि मासे पण, असाच ना? तसा करू नको गो.

माशाच्या कढीला मालवणी मसाला लागतच नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद, सगळं न भाजता कच्चंच वाटायचं. आंबटाला आमसूल. बांगडा, तारली असा तेलकट मासा असेल तरच तिरफळ, तेही फोडून आतली काळी बी काढून टाकायची आणि साल जरा ठेचून घालायची, वास सगळा सालीत असतो. पापलेटाला, सुरमईला तिरफळ घातलं तर माशाची चव मरते. आणि गरम मसाला माशात घातला की तो मासा राहत नाही, हे मी माझ्या सुनांना पण सांगत आले. शहरातल्या हॉटेलात 'मालवणी फिश करी' म्हणून जे तपकिरी देतात ना त्यामुळे लोकांना वाटतं माशाला पण तोच मसाला. तुम्ही वाडीतल्या बायका, तुम्ही तरी चुकीचं शिकवू नका.

आणि मासा ताजा नसेल तर किट काय करणार. जूनपासून बोटी बंद असतात तेव्हा आम्ही सुकं खातो, तेव्हा कोणी ताज्या कढीचं नाव पण काढत नाही.

गुहागरचा_बाळू
मावशींना शंभर टक्के अनुमोदन. फक्त एक विनंती, खोक्यावर 'कोकणी' असं मोघम लिहू नका, मालवणी लिहा. आमच्याकडे उत्तर रत्नागिरीत चव वेगळी, रायगडात आगरी-कोळी मसाला वेगळा. अलिबागच्या माणसाने तुमचं किट कोकणी म्हणून घेतलं तर त्याला त्याच्या घरची चव मिळणार नाही आणि तो नाराज होईल.

अन्नप्रक्रिया_रत्नागिरी
मी या क्षेत्रात शिकलोय आणि काम करतो त्यामुळे तयार पाऊच का फसतात ते सांगतो. फ्रीजशिवाय टिकणारी ओली ग्रेव्ही पाऊचमध्ये सील करून दाबाखाली साधारण 121 अंशांना तापवतात, याला रिटॉर्ट म्हणतात. हे टाळता येत नाही, कारण हवाबंद ओल्या अन्नात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. पण एवढ्या उष्णतेत धण्याचा, दगडफुलाचा, आल्या-लसणीचा ताजेपणा बसतो आणि सगळ्याला एकच शिजका वास येतो. खोबऱ्याचं तर विचारूच नका. म्हणून बचत गटाने ओल्या ग्रेव्हीच्या वाटेला जाऊच नये. घरी पातेल्यात उकळून बाटलीत भरलेली ग्रेव्ही विकणं धोक्याचं आहे, हे अगदी कळकळीने सांगतो.

आता नेहाताईंची सुकी पूड. भाजलेल्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. जरा ओल राहिली, हवा लागली, ऊन लागलं की ते खवट होतं आणि खवटपणाची सुरुवात झाली की डब्यातलं सगळंच वाया जातं. कोकणातल्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, हे फार लवकर होतं. शिवाय भाजलेल्या कांद्याची पूड ओल खेचून घेते आणि तिचे गठ्ठे होतात. म्हणजे किट बनवल्या दिवशी चांगला लागेल आणि दुकानात राहिला की उतरत जाईल. तुम्ही करून बघितलं तेव्हा पूड किती जुनी होती?

बाजारातली नारळ दुधाची पावडर घालण्याचा सल्ला कोणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो, त्यातल्या बऱ्याच पावडरींत माल्टोडेक्स्ट्रिन आणि सोडियम केसिनेट असतं. केसिनेट हे दुधातलं प्रथिन, म्हणजे लेबलवर दुधाचा उल्लेख करावा लागेल. आणि ती वापरून भाजक्या वाटपाची चव येत नाही, कच्च्या कढीची कामचलाऊ येते.

कुडाळची_नेहा
दादा, एका खेपेला ताजी होती, दुसऱ्या खेपेला महिनाभर डब्यात राहिलेली. आता लक्षात येतंय की जुनी वापरली तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या की खोबरं खवट लागतंय, आणि मला वाटलं नारळच तसा असेल.

सुलुमावशी, मासा आणि कोंबडी वेगळी करायची हे ठरलं. पण मग माशाचं किट करायचंच नाही का? पर्यटक सगळ्यात आधी माशाचं विचारतात.

सुलुमावशी
कर की, पण कढीचा करू नको, तिखल्याचा कर! बांगड्याच्या तिखल्यात खोबरं नाहीच लागत. मिरची नाहीतर चांगलं लाल तिखट, हळद, लसूण, आमसुलं, तिरफळ, मीठ, वरून तेल. मसाला माशाला लावून भांड्यात रचायचं, अगदी थोडं पाणी, झाकण, मंद आच, बस. शेवटी कच्चं खोबरेल फिरवलं तर आणखी छान. सगळं सुकं सामान, वर्षभर टिकणारं. ही चव पुण्यात पण तशीच्या तशी येणार, बांगडा बरा मिळाला की झालं.

मालवणची_खानावळ
मावशी काय बोललात! हे आम्हाला सुचलं नव्हतं. खरंच तिखल्यात आम्ही पण याहून वेगळं काही करत नाही. इथे 'हॉटेलसारखी चव' छापलं तरी खोटं होणार नाही.

पुण्यातली_रेश्मा
तिखल्याचं किट मी आत्ताच बुक करते, मनापासून. फक्त मंडईत तिरफळ शोधत फिरायला लागत नाही एवढ्यासाठीसुद्धा मी ते घेईन.

पण कोंबडीच्या रश्शाचं काय? वाटपाची पूड टिकत नाही, ओली ग्रेव्ही करायची नाही, मग त्या खोक्यात राहिला फक्त मसाला. त्याला किट म्हणून जास्त पैसे का द्यायचे, हा प्रश्न माझ्यासारखी विचारणारच.

देवगडचा_लंडनकर
रेश्मा, इथला अनुभव सांगतो. इथे काही छोटे व्यवसाय नुसत्या मसाल्याच्या पुड्या आणि कागद विकतात, ओलं काहीच देत नाहीत, आणि लोक पैसे देतात. कशाचे देतात? मापाचे. चार माणसांना किती मसाला, तो तेलात केव्हा पडायचा, खडा मसाला वेगळ्या पुडीत, वरून घालायचा वेगळ्या पुडीत. ज्याची आई मसाला पाठवते त्याला हे नकोच आहे, पण ज्याला मालवणी मसाल्याचा डबा घेऊन पुढे काय करायचं ते माहीत नाही त्याला हवं आहे. पर्यटक तोच आहे.

आणि वाटपाचं म्हणशील तर मी फ्रोझन खवलेला नारळ आणतो, इथल्या भारतीय दुकानात सहज मिळतो. तव्यावर कांद्याबरोबर भाजतो, मिक्सरला लावतो. रविवारी एकदम जास्त करून बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या करून फ्रीझरला टाकतो. आठवड्यातल्या कुठल्याही रात्री दोन-चार वड्या काढल्या की तुझ्या पाऊण तासात रस्सा होतो. चव सुक्या पुडीच्या कितीतरी पुढे.

पुण्यातली_रेश्मा
हे मला चालेल. खवलेला नारळ इथेही मिळतो. हे कागदावर लिहा नेहाताई, अगदी मोठ्या अक्षरात.

मालवणची_खानावळ
कागदासाठी माझ्याकडून. कोंबडी हाडासकट घ्या, आधी वेगळी शिजवा, ते पाणी टाकू नका. मिक्सरला वाटताना पाणी बेताने घाला आणि भांड्याच्या कडेचं दोन-तीनदा खाली लोटून पुन्हा फिरवा, घरच्या मिक्सरला वाटप भरड राहतं ते याच कारणाने. मसाला तेलात घातला की गॅस बारीक, नाहीतर बेडगी लगेच करपते आणि रस्सा कडू होतो, रंगही काळा पडतो. वाटप घातल्यावर तेल सुटेपर्यंत परता आणि मगच ते कोंबडीचं पाणी, तेही गरम. शिजल्यावर झाकून अर्धा तास ठेवा. किटमध्ये मीठ घालून देऊ नका, ज्याचं त्याला घालू द्या, कारण कोंबडी शिजवताना मीठ पडलेलंच असतं आणि दुप्पट झालं की शिव्या तुम्हाला.

लाल मिरचीत बेडगी जास्त ठेवा. पर्यटकाला रंग हवा असतो आणि तिखट सोसत नाही, बेडगीत रंग आहे आणि तिखटपणा कमी. लवंगीची पूड छोट्या पुडीत वेगळी द्या, ज्याला झेपेल तो घालेल.

गुहागरचा_बाळू
काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं पण काढा ना तिसरं. वाटाणे सुकेच असतात, खोक्यात बसतात, टिकतात, आणि हॉटेलात वड्यांबरोबर खाऊन शाकाहारी लोक विचारत असतात हे कुठे मिळेल म्हणून. रात्री भिजत घालायला लागतात एवढंच.

कुडाळची_नेहा
काल गटात वाचून दाखवलं सगळं, फोनवरच. असं ठरलंय की तीन वेगळे किट काढायचे, बांगड्याचं तिखलं, कोंबडी रस्सा आणि बाळूदादांचं काळ्या वाटाण्याचं सांबारं. वाटपाची पूड रद्द. रस्सा आणि सांबाऱ्याच्या खोक्यावर समोरच, मागे बारीक अक्षरात नाही, 'ओला किंवा फ्रोझन नारळ आणि कांदा तुम्हाला आणावा लागेल' असं छापणार. वड्या करून ठेवायची युक्ती आणि खानावळवाल्या दादांची पद्धत कागदावर जाईल. 'हॉटेलसारखी चव' फक्त तिखल्याच्या खोक्यावर, बाकी दोनवर 'मालवणी मसाला आणि पद्धत' एवढंच. ज्या ताईंना ते वाक्य सगळीकडे हवं होतं त्या थोड्या नाराज आहेत, पण त्यांनीच शेवटी सांगितलं की गिऱ्हाईक परत आलं पाहिजे.

लेबलबद्दल अजून काही असेल तर सांगा, छपाईला द्यायचंय.

अन्नप्रक्रिया_रत्नागिरी
चांगला निर्णय. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते हवं, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा परवान्याचा, नंबर हवा. मसाल्यासाठी तो घेतलेला असेलच, पण नवीन पदार्थ त्यात बसतात का ते आधी विचारून घ्या. मसाल्यात मोहरी असेल तर ती घटकांत नावाने लिहा, मोहरीची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात. आणि पुड्या भरण्याचं काम पावसाळ्याआधी उरका, दमट हवेत सील केलेली पुडी आतून ओल धरते.

सुलुमावशी
तिरफळां येगळ्या पुडयेत घट्ट बांध गो, नायतर मसाल्याक त्याचो वास लागतलो. आणि आमसुलां मिठातली असतत, ती मसाल्याच्या पुडयेक टेकली तर मसालो पाणी धरता, त्यांका पण येगळी पिशवी.

कुडाळची_नेहा
दोन्ही वेगळ्या पिशव्या, लिहून घेतलं मावशी. तिखल्याचा पहिला खोका तुमच्याकडे पाठवते, करून बघा आणि मग सांगा मिरची बरोबर पडलीय का.